टाळेबंदीत ज्येष्ठांचे चालणे बंद करणे योग्य होते का?

धागाकर्ता
२५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी लागू झाली आणि महाराष्ट्रात मोकळ्यावर चालण्या-धावण्याची मुभा ३ जूनपासून मिळाली. मधल्या दहा आठवड्यांत माझ्या बहात्तर वर्षांच्या वडिलांचा रोजचा तासभराचा फेरफटका बंद होता. जूनमध्ये ते पहिल्यांदा खाली उतरले, तेव्हा परत चढताना दोन मजल्यांत तीनदा थांबले. उतारवयात स्नायू वापरले नाहीत की लवकर झिजतात आणि ते पुन्हा कमावणे फार कठीण जाते. किराणा आणायला बाहेर पडता येत होते, तर पहाटे एकट्याने चालायलाही परवानगी हवी होती, असे माझे ठाम मत आहे.

प्रतिसाद १
असहमत. संसर्ग कोणाला आहे हे कळत नसताना सर्वाधिक धोका ज्येष्ठांनाच होता, आणि बागा उघडल्या असत्या तर ते एकटे चालले नसते, कट्ट्यावर बसलेच असते. जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२० मध्ये प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांची मध्यम हालचाल सुचवली. ज्येष्ठांसाठी त्यात आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि ताकद वाढवणारे व्यायामही आहेत. यासाठी बाग लागत नाही. माझी आई खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठत-बसत असे, ओट्याला धरून एका पायावर उभी राहत असे, आणि तिची चाल टिकली.

प्रतिसाद २
हे तीन खोल्यांच्या घरातले बोलणे झाले. आमच्या चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसे होती आणि सामाईक शौचालयाची रांग कोणालाच चुकत नव्हती. गर्दी टाळण्यासाठी चालणे बंद, हा युक्तिवाद तिथे टिकत नाही. शेवटी आम्हीच पहाटेच्या वेळा वाटून घेतल्या आणि एका वेळी एकाच घराने गॅलरीत फेऱ्या मारायच्या असे ठरवले. आणि कट्ट्याला दोष का द्यावा? माझ्या आजोबांना चालण्यापेक्षा त्या कट्ट्याचीच ओढ होती. तो सुटल्यावर त्यांचे बोलणे कमी झाले, मग जेवण.

धागाकर्ता
खुर्चीचा व्यायाम वडिलांना आम्ही सुचवायला हवा होता, हे मान्य करतो. मात्र आजोबांबद्दलचे वाचून आठवले, की मे महिन्यात वडील आणि त्यांचे चालण्यातले सोबती फोन कानाला लावून आपापल्या घरात एकाच वेळी फेऱ्या मारू लागले होते, आणि फोन लागला नाही त्या दिवशी वडील खुर्चीतून उठतच नसत.