मदत हवी आहे : मागच्या डिफरन्शियलचा घूंऽऽ आवाज

मंडळी, गाडी जुनी, पार्ट-टाइम फोर बाय फोर (एरवी मागची दोनच चाकं ओढतात, गरजेला चारही). नागपूरच्या उमरेड रोडवर ६०च्या पुढे मागून, म्हणजे डिफरन्शियलकडून (मागच्या दोन चाकांत इंजिनाची ताकद वाटणारी गिअरपेटी) घूंऽऽ येतो, ॲक्सिलरेटर सोडला की बंद. व्हील बेअरिंग असतं तर वळणावर आवाज बदलला असता, म्हणून मला पिनियनच्या (डिफरन्शियल फिरवणाऱ्या छोट्या गिअरच्या) बेअरिंगचा संशय. (रिव्हर्समधून पहिला टाकताना ‘टक्’ होतं, तो बहुधा प्रोपेलर शाफ्टचा (गिअरबॉक्सकडून मागे ताकद नेणाऱ्या दांड्याचा) क्रॉस, म्हणजे सांधा.) डिफरन्शियलचं ऑइल काळं निघालं, दुधाळ नाही, म्हणजे पाणी शिरलेलं नाही. पण ड्रेन प्लगच्या मॅग्नेटला बारीक लेपाऐवजी चक्क तुकडे! क्राउन-पिनियन (आतली मुख्य गिअरजोडी) गेलं समजायचं का?

दुसरं, मेकॅनिक म्हणतो डिफरन्शियलचं जीएल-५ ऑइल (जीएल म्हणजे गिअर ऑइलचा दर्जा) गिअरबॉक्समध्येही टाका. मॅन्युअलमध्ये तिथे जीएल-४ आहे, जीएल-५मधली रसायनं पितळी सिंक्रो रिंग (गिअर सहज पडायला मदत करणारी कडी) खातील या काळजीने मी अडून बसलोय. आपल्याकडच्या ४५ अंशांत ८०डब्ल्यू-९० (ऑइलचा जाडपणा) पुरेल ना? वाडीकडे शिम (पातळ चकत्या) लावून बॅकलॅश (गिअरच्या दातांमधली फट) नीट बसवणारं कुणी असेल तर सांगा.