अनोळखी फाईल ठेवताना एक्सॉर पुरे का एन्क्रिप्शनच पाहिजे?

जळगावकर: आमचं फॉर्म भरायचं दुकान, दिवसभर लोकांच्या फाईली येतात, पेनड्राईव्हने, व्हॉट्सॲपवर, कशाही. परवा अँटिव्हायरसने एका पोराची मॅक्रोवाली (आत छोटा प्रोग्रॅम असलेली) एक्सेलच खाल्ली, पोरगा समोर उभा अन् मी कपाळाला हात लावून. म्हणून स्क्रिप्ट लिहिली, डिस्कवर जाताना प्रत्येक बाइट १७० शी एक्सॉर (दोन्ही आकड्यांचे बिट ताडायचे, वेगळे तिथे १, सारखे तिथे ०), काढताना परत तेच केलं की मूळ फाईल. डबल क्लिक केलं तरी काही चालत नाही. एवढं बस आहे, एन्क्रिप्शनचा पसारा कशाला?

धुळ्याचा भो: ह्याला कुलूप नाही म्हणत भो, कडी म्हणतात. ईएक्सईत (चालणाऱ्या प्रोग्रॅमच्या फाईलीत) शून्याचे पट्टेच्या पट्टे असतात, शून्य एक्सॉर १७० म्हणजे १७०च, हेक्स एडिटरात (कच्चे बाइट दाखवणाऱ्या प्रोग्रॅमात) उघडली की चावी, म्हणजे तो १७०, समोर. तसंही २५५ च चाव्या. सरळ एईएस वापर, ते खरं एन्क्रिप्शन, इंटेलने २०१० पासून त्याची सोय प्रोसेसरातच देणं सुरू केलंय, स्पीडचं रडगाणं नको.

जळगावकर: माझा पीसी २००८ चा आहे! आणि लपवायचं कोणापासून? चुकून चालू होऊ नये एवढंच. ढोर सुटू नये म्हणून गोठ्याला कोणी तिजोरीचं कुलूप लावतं का?

भुसावळ जंक्शन: दोघं भलत्यावरच भांडून राहिले. गोची वेगळीच आहे, चावी कायम एकच आहे ना. ज्याला १७० माहीत तो व्हायरस आधीच एक्सॉर करून पाठवेल. ईएक्सईचे पहिले दोन बाइट हेक्समध्ये (सोळाच्या पायात) ४डी ५ए, ते १७० शी एक्सॉर करून तो ई७ एफ० पाठवणार, स्कॅनरला नुसता कचरा दिसणार, अन् तुझीच स्क्रिप्ट डिस्कवर जिवंत व्हायरस लिहून देणार. फाईल आल्यावर दर वेळी नवी रँडम चावी काढ, १६ बाइटची तरी. ती शेजारीच ठेवली तरी चालते, इथे गुपित राखायचंच नाहीये.

धुळ्याचा भो: रँडम चावी काढणारच, तर चाचा२० लाव ना, तेबी एन्क्रिप्शनच, जुन्या मशीनवरबी पळतं.

रावेरची केळी: आणि परत काढताना स्कॅन करा रे, एक्सॉर केलेल्या फाईलीत स्कॅनरला काही दिसत नाही, महिनोन्महिने सगळं आलबेल वाटतं.

जळगावकर: आत्ता करून पाहिलं. ती ६८ बाइटची आयकार टेस्ट फाईल (अँटिव्हायरस जागा आहे का बघायची, निरुपद्रवी) आधी १७० ने एक्सॉर केली, पेनड्राईव्हवर टाकली, अँटिव्हायरस ढिम्म. माझ्या स्क्रिप्टमधून नेली अन् लगेच लाल खिडकी. बरं, चावी रँडम करतो. एईएस मात्र नाही म्हणजे नाही.