मदत हवी आहे: घरच्या वायर्ड नेटवर्कमध्ये १०० एमबीपीएस, गिगाबिट आणि २.५ गिगाबिटची सरमिसळ

नमस्कार मंडळी,

राउटर गिगाबिटचा (१००० एमबीपीएस) आहे आणि नॅस (फाइली साठवायचा नेटवर्कवरचा डबा) थेट त्यालाच जोडलाय. आतल्या खोलीत भिंतीतून एकच केबल (कॅट ५ई) येते. तिथे १०० एमबीपीएसचा जुना स्विच (एका केबलवर अनेक उपकरणं जोडायचा डबा) असून त्यावर पीसी, टीव्ही आणि प्रिंटर आहेत. पीसी आणि नॅस दोन्हींना २.५ गिगाबिटचे पोर्ट आहेत, पण मोठी फाइल कॉपी करताना आकडा सेकंदाला ११ एमबीच्या वर हलत नाही. २.५ गिगाबिटचा स्विच घ्यावा म्हणतोय. पण त्यावर १००चा टीव्ही लावला तर सगळंच १००वर येईल का? केबल बदलावी लागेल का? भिंत फोडायची अजिबात इच्छा नाही. जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १
११ वरूनच कळतंय. एमबीपीएस म्हणजे मेगाबिट आणि ८ बिटचा एक बाइट, म्हणून १०० भागिले ८ म्हणजे साडेबारा एमबी, त्यातून हेडर (डेटासोबत जाणारी पत्त्याची माहिती) वगैरे वजा जाता ११-१२ उरतात. वाटेत कुठेतरी १००ची लिंक आहे, बहुधा जुना स्विचच.

टीव्हीची काळजी नको. सगळ्यांना एका वेगात अडकवायचा तो हब, म्हणजे स्विचच्या आधीचा जुना डबा. स्विचचा प्रत्येक पोर्ट आपला वेग स्वतंत्र ठरवतो.

माझं मत विचाराल तर नवा स्विच खोलीत ठेवा आणि नॅसही तिथेच आणा. मग पीसी-नॅसची वाहतूक स्विचमधल्या स्विचमध्येच होईल, राउटरपर्यंत जाणारच नाही. भिंतीतल्या केबलवर उरेल फक्त इंटरनेट. २.५ गिगाबिट कॅट ५ईवर १०० मीटरपर्यंत चालतं, त्यामुळे भिंतीला हात लावायची गरज नाही.

धागाकर्ता
मनापासून आभार. जुना स्विच काढून पीसी थेट भिंतीच्या सॉकेटला लावून पाहिला, तरी लिंक १००च दाखवतेय!

प्रतिसाद २
मग तारेची जोडी तपासा. १०० एमबीपीएसला दोनच जोड्या लागतात, नारिंगी आणि हिरवी. गिगाबिटला आणि त्यापुढे चारही लागतात. निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एक तार जरी सैल असली तरी लिंक बऱ्याचदा गुपचूप १००वर उतरते, नेट मात्र चालू राहतं, म्हणून वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही. सेटिंगमध्ये जाऊन वेग सक्तीने ठरवू नका, दोन्हीकडे ऑटोच असू द्या.

आणखी एक, नवा स्विच आल्यावर फ्लो कंट्रोलकडे लक्ष ठेवा. नॅस २.५ने पाठवतोय आणि टीव्हीचा पोर्ट १००चा, अशा वेळी काही स्विच नॅसलाच थांबायचा इशारा देतात. तो इशारा नॅसच्या अख्ख्या पोर्टला लागू होतो, त्यामुळे त्याच वेळी पीसीकडे जाणारी फाइलही अडखळते. तसं दिसलं तर नॅसच्या किंवा स्विचच्या सेटिंगमध्ये ते बंद करून बघा. मोजायला आयपर्फ३ (फक्त नेटवर्कचा वेग मोजणारा प्रोग्रॅम) वापरा, फाइल कॉपीत हार्ड डिस्कचा वेगही मिसळतो. गिगाबिटवर साधारण ९४० आणि २.५ वर २३५० एमबीपीएस दिसायला हवेत.

धागाकर्ता
सॉकेट उघडलं. तपकिरी तार खाचेत नुसती टेकली होती, पंचिंग टूलने नीट बसवली. लिंक १००० झाली आणि कॉपी सेकंदाला ११० एमबीवर गेली! स्विच मागवलाय, नॅससाठी खोलीत जागा करतोय. फ्लो कंट्रोल चालू आणि बंद, दोन्हींचे आकडे इथेच देईन.