फ्लेवर्ड स्टाउट: लेबलवरची चव ग्लासात सापडली का?

काल व्हॅनिला स्टाउटची (स्टाउट म्हणजे भाजक्या धान्याची काळी बिअर) बाटली उघडली आणि पहिल्या घोटालाच हिरमोड झाला. गारेगार, कडवट, बास. ग्लास बाजूला ठेवून पुस्तक वाचत बसले. अर्ध्या तासाने पुन्हा तोंडाला लावला तर तीच बिअर ओळखू येईना. आधी व्हॅनिलाचा वास, मग कोको, आणि घोट गिळल्यावर भाजक्या बार्लीचा खरपूस कडूपणा. स्टाउट साधारण 10 ते 13 अंशांवर खुलते आणि फ्रीजच्या गारठ्यात तिचा वास दबून राहतो, हे वाचलं होतं. जिभेला काल पटलं.

तुमचे अनुभव लिहा. कॉफी, चॉकलेट, नारळ, काहीही चालेल. लेबलवरची चव खरंच सापडली का, आणि तिच्याखाली मूळ स्टाउट शिल्लक होती का, एवढं मात्र आवर्जून सांगा.

*

कॉफी स्टाउट ताजीच प्यावी. मी एकाच खेपेतल्या दोन बाटल्या घेतल्या होत्या. पहिली लगेच उघडली, अप्रतिम होती. दुसरी आठ महिन्यांनी उघडली तर चक्क ढोबळ्या मिरचीचा वास! बाटली नासली असं वाटलं. पण कॉफी घातलेल्या बिअरमध्ये हा वास येऊ शकतो, बिअर बनवणाऱ्यांना तो चांगला ओळखीचा आहे. आणखी एक, कॉफीचा भास व्हायला कॉफी लागतेच असं नाही. मोड न आणता नुसती भाजलेली बार्लीही तशीच लागते. म्हणून मी आता घटकांची यादी वाचल्याशिवाय मत देत नाही.

*

यादी वाचाच! मला दूध पचत नाही. चॉकलेट स्टाउट म्हणून घेतली, मऊ गोडसर लागली, संपवली आणि रात्रभर पोट धरून बसलो. तिच्यात लॅक्टोज होतं. बिअरच्या यीस्टला ही दुधातली साखर आंबवता येत नाही, म्हणून गोडवा तसाच राहतो. मिल्क स्टाउटची सगळी युक्ती हीच. इंग्लंडात मॅकेसन कंपनीची मिल्क स्टाउट 1907 च्या सुमारास आली, म्हणजे प्रकार नवा नाही. आता मी ओट्सवाली घेतो. तोंडात तसाच रेशमी भरीवपणा येतो, लॅक्टोजशिवाय.

*

मी घरी बिअर बनवते, त्यामुळे थोडं लांबण लावते. 'चॉकलेट माल्ट' नावाच्या धान्यात चॉकलेट नसतं, रंग आणि भाजणीमुळे ते नाव पडलंय. खऱ्या कोकोसाठी मी मुख्य आंबवण झाल्यावर कोको बियांचे भाजके तुकडे घालते. पहिल्यांदा गोड चॉकलेटची अपेक्षा ठेवली होती आणि हाती आला कोकोचा सुगंध आणि कडूपणा. साखरच नाही तर गोडी कुठून येणार? तरी ती मला फार आवडली.

नारळाने मात्र रडवलं. भाजलेला कीस घातला, वास घरभर दरवळला, पण ग्लासात ओतल्यावर फेस उभाच राहिना. खोबऱ्याचं तेल फेस मोडतं. चव होती, पण वरचा तो तपकिरी थर नसला की वास नाकाशी रेंगाळत नाही. व्हॅनिलाची शेंग टाकल्यावर मी रोज चमचाभर चाखते आणि चव पुरेशी उतरली की शेंग काढून टाकते. एकदा दोन दिवस विसरले आणि स्टाउटच हरवली.

*

मिरचीवाली प्यायलोय. पहिला घोट चॉकलेट, दुसरा ऊबदार, तिसऱ्याला घसा पेटला. एक बाटली चौघांत पुरली.

*

मला साधीच आवडते, तरी लिहितो. काळी म्हणजे कडक ही समजूत सोडा. गिनेस ड्राफ्ट या प्रसिद्ध आयरिश स्टाउटमध्ये अल्कोहोल 4.2 टक्के असतं, आणि नायट्रोजनच्या बारीक बुडबुड्यांमुळे ती सायीसारखी लागते. उलट इंपीरियल स्टाउट 10-11 टक्क्यांचीही असते. मेपलच्या पाकाच्या चवीची तसली एक मी नेहमीच्या बिअरसारखी अख्खी प्यायलो. गोडव्यात अल्कोहोल जाणवलंच नाही, उठताना जाणवलं. दुसऱ्या दिवशीही डोकं जड होतं. त्यानंतर लहान ग्लासात आणि वाटूनच घेतो.

*

व्हॅनिलावाल्या ताई, तुमचं वाचून मी आज बाटली तासभर आधी बाहेर काढली. ओतताना काहीच वास नव्हता. आता येतोय, पण व्हॅनिलाचा नाही, ओल्या लाकडाचा. ओकच्या लाकडी पिंपात मुरवलेली असावी का? कुणी प्यायलं असेल तर लिहा, ग्लास अजून अर्धा आहे.