चाहत्यांच्या यादीने कोणाचं भलं झालं? मग ऐका

सकाळचं सत्र

विदर्भाच्या रणजी संघाच्या चाहत्यांसाठी मी वर्डप्रेसचं (साइट बनवायची प्रणाली) एक प्लगिन, म्हणजे साइटला जोडायचा छोटा प्रोग्राम, लिहून राहिलो. लोकांनी नाव नोंदवायचं, ते तपासून यादीत दाखवायचं, एवढंच त्याचं काम. काल नाईटवॉचमन या टोपणनावानं लिहिणाऱ्यांनी त्यावर इथे मंचावर लिहिलं की ही वेळेची नासाडी आहे, व्हॉट्सॲपचा गट आहे, गुगल फॉर्म आहे, नावं आपोआप शीटमध्ये जमा होतात. शेवटचं वाक्य होतं, "यादी दाखवून आजवर कोणाचं भलं झालं?" त्या वाक्यानं मला रात्री झोप लागली नाही. म्हणून सविस्तर लिहितो.

१ जानेवारी २०१८ ला इंदूरला आपण दिल्लीला नऊ गडी राखून हरवलं, पहिल्यांदा रणजी करंडक आणला. त्याच रात्री नागपुरात महाल भागातल्या आमच्या घराच्या गच्चीवर बसून आम्ही गट काढला. पुढच्या वर्षी जामठ्यावर, नागपूरबाहेरच्या आपल्या मैदानावर, सौराष्ट्राला ७८ धावांनी हरवलं, तोवर गटात फुलांचे फोटो आणि सुप्रभात सोडून काही उरलं नव्हतं. मग ॲडमिनचा फोन गेला, नंबर बदलला, गट विखुरला. पहिल्या दिवसापासूनची माणसं कोण होती, हे आज कोणालाच सांगता येत नाही. मार्च २०२५ मध्ये केरळविरुद्ध पहिल्या डावातल्या ३७ धावांच्या आघाडीवर तिसरा करंडक आला. तेव्हा एकानं विचारलं, आपण आहोत तरी किती? कोणाकडे उत्तर नव्हतं.

गट ही बोलायची जागा आहे. यादी म्हणजे हजेरी. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

जुन्या इंटरनेटवर फॅनलिस्टिंग नावाचा प्रकार होता. एका विषयाची एक यादी. नाव द्या, देश द्या, स्वतःची साइट असेल तर तिथे ८८ बाय ३१ पिक्सेलचं बटण लावा, झालं. वर्गणी नाही, गुण नाहीत, फक्त "मीही यातला" एवढं सांगणं. त्यातल्या कितीतरी याद्या बुडाल्या, कारण त्या फुकटच्या जागेवर उभ्या होत्या. फुकट साइट देणारं जिओसिटीज २००९ मध्ये बंद झालं. स्वतःच्या सर्व्हरवर असलेल्यांची वेगळी गत झाली. त्यांच्या स्क्रिप्ट पीएचपी या भाषेतल्या, डेटाबेसशी बोलणाऱ्या जुन्या मायएसक्यूएल फंक्शनांवर चालायच्या, आणि ती फंक्शनं पीएचपी ७ मधून काढूनच टाकली. म्हणून मी डेटाबेसशी थेट बोलत नाही, वर्डप्रेसच्याच डब्ल्यूपीडीबी या मधल्या थरातून जातो. खालची जमीन बदलली तरी ते सांभाळणारे हजार लोक आहेत.

सदस्यांची खाती मी उघडत नाही. हजार पासवर्ड सांभाळायची जबाबदारी कोणी मागितली? वेगळं टेबल आहे, त्यात नाव, ईमेल, जिल्हा, आणि असेल तर साइट. फॉर्म भरला की ईमेलवर दुवा जातो, दुवा दाबला की नाव प्रतीक्षेत, मी पाहिलं की यादीत. पानावर एक शॉर्टकोड, म्हणजे कंसातला छोटा शब्द, टाकायचा, यादी जिल्हावार दिसते. प्लगिन बंद केलं तर टेबलाला हात लागत नाही, पूर्ण काढून टाकलं तरच डेटा जातो. मोबाइल नंबर कुठेच नाही. व्हॉट्सॲपच्या गटात १०२४ माणसं मावतात, आणि त्या सगळ्यांना तुमचा नंबर दिसतो. हे तुम्हाला चालतं, आणि माझ्या यादीतलं नाव चालत नाही?

नाईटवॉचमन

मी नासाडी म्हटलं ते उगाच नाही. दहा वर्षांपूर्वी आमच्या वस्तीतल्या वाचनालयासाठी मीच असं प्लगिन लिहिलं होतं. सभासद, वर्गणी, पुस्तकं, सगळं. दोन वर्षं सुरळीत चाललं. मग होस्टिंगवाल्यानं एका रात्री पीएचपीची आवृत्ती बदलली आणि सकाळी पांढरं पान. मी तेव्हा आईला घेऊन दवाखान्यात होतो. वाचनालयातले काका दर तासाला फोन करत होते, मी कॉरिडॉरमध्ये उभा राहून मोबाइलवर फाइल दुरुस्त करत होतो. त्या दिवसापासून मी ठरवलं, ज्याचा वाली मी एकटा, ते लोकांच्या गळ्यात बांधायचं नाही. प्लगिन लिहायला तीन महिने लागतात, पण सांभाळायला जन्म पुरत नाही.

आणि तुमचा तो ईमेलचा दुवा! स्वस्त होस्टिंगवरून गेलेली पत्रं सरळ स्पॅममध्ये पडतात. एसपीएफ, डीकेआयएम, म्हणजे पत्र खरंच तुमच्याकडूनच आलं हे पटवणाऱ्या खुणा, नीट लावल्या नाहीत तर शंभरातले किती दुवा दाबतील, तुम्हीच पाहा. पान कॅश केलं, म्हणजे त्याची साठवलेली प्रत दाखवली, की फॉर्ममधला नॉन्स (ठरावीक वेळच चालणारा सुरक्षेचा संकेत) शिळा होतो, चोवीस तासांनंतर भरलेला प्रत्येक फॉर्म नाकारला जातो. भरणाऱ्याला कळत पण नाही काहून नाकारला ते. शीटमध्ये यातली एक तरी भानगड आहे का?

लेगस्पिन

तुम्ही दोघं नळावरून भांडून राहिले, पाण्याचं कोणी बोलत नाही.

मी धरमपेठेत एका क्लबच्या शिबिराला नाव दिलं होतं, कॉलेजात असताना. त्यांनी सगळ्यांची नावं आणि मोबाइल नंबर साइटवर टाकले, कोणाला न विचारता. मला आठ महिने रात्री-बेरात्री फोन यायचे. शेवटी सिम बदललं. बँक, गॅस, कॉलेज, सगळीकडे नवीन नंबर द्यायला मी एकटीच फिरत होते. क्लबला सांगितलं तर म्हणे, "काढतो ना मॅडम." तरी काढायला तीन आठवडे लावले.

तेव्हा शीट की प्लगिन हा प्रश्नच नाही. तुमच्या यादीत माझं पूर्ण नाव आणि जिल्हा दिसणार असेल तर मला ते नको. आद्याक्षर चालेल का? टोपणनाव चालेल का? मला स्वतःला काढता येईल का, की तुम्हाला विनवण्या करायच्या? आणि शाळकरी पोट्ट्यांचं काय? २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात अठराच्या खालचा प्रत्येक जण मूल आहे, त्याची माहिती घ्यायला पालकांची खात्रीशीर संमती लागते. जामठ्यावर येणाऱ्यांत शाळेतले किती असतात ते मी सांगायला नको. कायद्याचं सोडा, माझा बारा वर्षांचा भाचा कोणत्या गावात राहतो हे जगाला कशाला दिसावं?

सकाळचं सत्र

लेगस्पिन, तुमच्यासोबत जे झालं ते वाचून वाईट वाटलं. काढायचा दुवा प्रत्येकाच्या ईमेलमध्ये आहे, मला विचारावं लागत नाही. वर्डप्रेसमध्ये मे २०१८ पासून, ४.९.६ आवृत्तीपासून, माहिती मागायची आणि पुसायची सोय आहे, तीही मी जोडली. पण दाखवायचं नाव आणि नोंदीचं नाव वेगळं ठेवायचं मला सुचलं नव्हतं. ते करतो. अठराच्या खालच्यांची नोंद सध्या घेणारच नाही.

नाईटवॉचमन, नॉन्सचं बरोबर आहे. फॉर्मचं पान कॅशमधून वगळावं लागेल. स्पॅमचं पण मान्य. पण पांढऱ्या पानाच्या भीतीनं काहीच करायचं नाही, हे मान्य नाही.

वऱ्हाडातला

राजेहो, मले एक सांगा, त्या जिल्ह्याच्या रकान्यात काय काय हाय? मी काल चाचणीचं पान उघडलं. अकरा जिल्हे हायेत, ते ठीक. पण नागपूर सगळ्यात वर आणि बाकीचे खाली! वर्णक्रमानं अकोला पहिला येते. कायले वर ठेवलं नागपूर?

सकाळचं सत्र

बहुतेक सदस्य नागपूरचे, म्हणून सोयीसाठी ठेवलं. त्यात दुसरं काही नाही.

वऱ्हाडातला

सोयीसाठी! हेच आमी आयुष्यभर ऐकून राहिलो. जितेश शर्मा अमरावतीचा, अथर्व तायडे अकोल्याचा, विदर्भासाठी खेळली आमची पोरं आणि यादीत वर तुमचं शहर. मी २०२५ ची फायनल पाहायले अकोल्याहून पहाटेच्या गाडीनं आलो. मेट्रो खापरीले संपते, तिथून पुढं जामठा. सकाळी मिळाला ऑटो, पण संध्याकाळी परतायले वर्धा रोडवर दीड तास उभा होतो. घरी पोचायले रात्रीचे दोन वाजले. तुमी नागपुरातल्या बर्डीवरून येता, तुमाले काय माहीत विदर्भ केवढा हाय ते?

इतवारीकर

भाऊ, वर्धा रोडवर आम्ही पण उभे राहतो. नागपूरकरांना काय हेलिकॉप्टर येते का घ्यायला? दर वेळी तेच, नागपूरनं हे खाल्लं, नागपूरनं ते खाल्लं. मैदान एका जागीच असणार ना! २००६ पर्यंत शहरात सिव्हिल लाइन्सच्या मैदानावर कसोटी व्हायच्या, तेव्हा पण तुमची हीच तक्रार होती.

आणि वर्णक्रमाचं म्हणाल तर तो वर्णक्रमच चुकीचा आहे. मी यादी पाहिली, त्यात क्षितिज 'क'मध्ये आणि ज्ञानेश्वर 'ज'मध्ये. 'ळ' आला 'ल'च्या लगेच नंतर. आपल्या वर्णमालेत ळ, क्ष, ज्ञ शेवटी येतात, हे पहिलीतलं पोर सांगेल. युनिकोडच्या क्रमांकानं, म्हणजे संगणकात अक्षराला दिलेल्या आकड्यानं, लावलं की असंच होणार. पीएचपीच्या इंटल या जोडणीत कोलेटर, म्हणजे भाषेप्रमाणे क्रम लावणारं साधन, आहे, मराठीसाठी वापरा. इंग्रजी अक्षरांत नाव लिहिणारे सगळ्यांच्या वर जाऊन बसतात ते वेगळंच.

पुण्यातला नागपूरकर

माझा जिल्हा कोणता मग? मी नऊ वर्षं पुण्यात आहे, हिंजवडीत. रणजीच्या प्रत्येक सामन्याचा स्कोअर मी ऑफिसात उघडा ठेवतो. तुमच्या अकरात पुणे नाही, म्हणून मी 'नागपूर' टाकलं तर यादीत लिहून आलं "नागपुरात राहतात". खोटं आहे ते. आणि 'इतर' निवडायला माझा हात होत नाही. मी इतर नाही.

वऱ्हाडातला

बाप्पा, ज्यायनं गाव सोडलं त्यायची तक्रार आता पहिली ऐकायची का?

पुण्यातला नागपूरकर

गाव सोडलं म्हणजे? नागपूरजवळ बुटीबोरीत माझ्या विषयाची नोकरी मिळाली असती तर आलो असतो का पुण्यात? माझे वडील नागपुरात सक्करदऱ्यात एकटे राहतात. दर महिन्याला रात्रीची ट्रॅव्हल्स पकडून येतो मी. तुम्ही दीड तास ऑटोसाठी उभे राहिले, मी नऊ वर्षं उभा आहे. गाव सोडलं असं परत म्हणू नका.

लेगस्पिन

वऱ्हाडातला, हे बोलणं परत घ्या तुम्ही.

वऱ्हाडातला

घेतलं. तुमच्या वडिलांचं माहीत नव्हतं. माझा पोरगा पण हैदराबादले हाय.

पण नागपूर वर ठेवायचं कारण अजून कोणी सांगितलं नाही मले.

सकाळचं सत्र

सांगण्यासारखं कारण नाही. चूक झाली. अकोला वर येईल, आणि क्रम मराठी कोलेटरनंच लागेल, इतवारीकर.

रकाना बदलतो. जुन्या फॅनलिस्टिंगमध्ये देश असायचा, मी फार विचार न करता त्या जागी जिल्हा ठेवला. तिथे देश पुरायचा, कारण माणूस कुठला आणि राहतो कुठं हे कोणी विचारत नव्हतं. आपल्याकडे तोच तर सगळा प्रश्न आहे. आता 'गाव' असा मोकळा रकाना ठेवतो, ज्याला जे लिहायचं ते लिहू द्या. सक्करदरा लिहा, मूर्तिजापूर लिहा, नाही तर रिकामा सोडा. राहता कुठं हे विचारणारच नाही. लेगस्पिन यांच्या भाच्याची अडचण पण त्यानं कमी होते.

नाईटवॉचमन

मोकळा रकाना ठेवला तर नागपूर सात प्रकारे लिहिलेलं येईल, जिल्हावार यादी संपली तुमची. तरीही हेच बरं आहे, हे मला मान्य करावं लागते.

शीटमध्ये कोणी गाव लिहिलं म्हणून दोन माणसं भांडून परत बोलली असती, असं मला वाटत नाही. पण सांभाळायचा प्रश्न तसाच आहे. तुम्ही उद्या आजारी पडले तर यादी कोण पाहणार? कोड सगळ्यांना दिसेल असा ठेवा, दुसऱ्या एका माणसाकडे पूर्ण हक्क द्या, आणि दर महिन्याला यादीची सीएसव्ही (कोणत्याही शीटमध्ये उघडणारी साधी फाइल) प्रत त्याच्याकडे जाऊ द्या. एवढं झालं तर नव्या पीएचपीवर चाचणी मी करून देतो. वाचनालयाच्या वेळी मला कोणी करून दिली नव्हती.

सकाळचं सत्र

दुसरा माणूस तुम्हीच व्हा.

नाईटवॉचमन

होतो. पण मोबाइलचा रकाना ज्या दिवशी आला, त्या दिवशी मी बाहेर.

लेगस्पिन

आणि मी पण. तोवर माझं नाव 'ल. स्पिन' असं घाला. गाव रिकामं.