भिंतीशी बोलून जर्मन येतं का?

गच्चीवरचा_जर्मन
माझं मत आधीच सांगतो: येतं. आता भांडा.

राहायला जुळे सोलापूर, दिवसा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत नोकरी, रात्री जर्मन. ए-२ झालंय (जर्मनच्या पातळ्या ए-१, ए-२, बी-१, बी-२ अशा चढत जातात), पुण्याला मॅक्स म्युलर भवन या जर्मन संस्थेत पुढची बी-१ परीक्षा द्यायचीय. २०२४ मध्ये आपल्या सरकारने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून गल्लीतला प्रत्येक जण मला सल्ला देतो. सल्ला एकच, 'बोलायला पार्टनर बघ.' मालक, सोलापुरात जर्मन बोलणारा पार्टनर आणू कुठून? ऑनलाइन एक जण मिळाला, तीन दिवस बोलला, चौथ्या दिवशी गायब. एका क्लासने 'स्पीकिंग बॅच' म्हणून वेगळे पैसे घेतले. तासाला चौदा जण, माझ्या वाट्याला चार मिनिटं, त्यातलं एक मिनिट माईक चालू करण्यात.

म्हणून मी गच्चीवर जातो. रोज चाळीस मिनिटं, एकटा. डॉइच वेले या जर्मन प्रसारण संस्थेवर सावकाश वाचलेल्या बातम्या असतात, त्या कानात लावून निवेदकाच्या मागोमाग बोलायचं, त्याचं वाक्य संपायची वाट न बघता. मग एक विषय घ्यायचा आणि त्यावर चार मिनिटं बोलायचं, तेच पुन्हा तीन मिनिटांत, तेच दोन मिनिटांत. तिसऱ्या वेळी 'अं, अं' आपोआप गळतात. शेवटी फोनचा कीबोर्ड जर्मन करून बोलून टाइप करायचं. ज्या 'उ'च्या डोक्यावर दोन टिंबं असतात तो उच्चार मला फोननेच शिकवला. ओठ 'ऊ'चे ठेवायचे आणि आतून 'ई' म्हणायचं. आठवडाभर फोन भलतंच लिहीत होता, मग एके रात्री 'फ्युन्फ' म्हणजे 'पाच' बरोबर उमटलं.

मे महिन्यात पारा ४३ वर होता, तेव्हा सुरुवातच 'इश बिन हाइस' म्हणजे 'मला उकडतंय' या वाक्याने व्हायची. आता ते झोपेतही बिनचूक येतं. हे कुठल्या पार्टनरने दिलं असतं?

चाटी_गल्ली
काय बे, भाषा काय सूर्यनमस्कार आहे का एकट्याने घालायला? आमच्या पूर्व भागातली पोरं घरात तेलुगू बोलतात, शाळेत मराठी, दुकानात कानडी आणि हिंदी. कानडीच्या सरावाला कोणी गच्चीवर गेलेला मी तरी बघितला नाही. अक्कलकोटकडचं गिऱ्हाईक समोर उभं राहिलं, भाव पाडायला लागलं की येते कानडी. पोटाचा प्रश्न आला की जीभ वळते.

गच्चीवरचा_जर्मन
तुमच्याकडे कानडी गिऱ्हाईक येतं. माझ्या गल्लीत जर्मन गिऱ्हाईक आलेलं दाखवा, उद्यापासून गच्चीला कुलूप.

टॉवेल_एक्स्पोर्ट
मी कुंपणावर. टॉवेलच्या धंद्यात आहे, जर्मन पार्टीशी फोनवर बोलावं लागतं. आकडे मी पूर्ण एकट्याने घटवले आणि मराठी माणसाला ते सोपे जातात. इंग्रजीत आधी वीस मग एक. जर्मनीत 'आइन-उंड-त्स्वान्त्सिश', म्हणजे एक आणि वीस, आपला एकवीस. चव्वेचाळीस, पंचेचाळीस सगळं आपल्याच उलट्या चालीचं. स्कूटरवरून जाताना गाड्यांचे नंबर जर्मनमध्ये म्हणायचो. सिग्नलला शेजारचा बघायचा.

पण एकदा पार्टी म्हणाली, उद्या फोन 'हाल्ब त्सेन'ला करा. पुस्तकात मी शंभरदा वाचलेलं की हाल्ब त्सेन म्हणजे दहाकडे जाताना अर्धा तास, म्हणजे साडेनऊ. तरी त्या घाईत 'हाल्ब' आणि 'त्सेन' ऐकून डोक्याने साडेदहा लिहून घेतलं. तास उशिरा फोन केला. तो ओरडला नाही, गप्प बसला. ते जास्त लागलं. हा घाव गच्चीवर बसत नाही.

स्टुटगार्टची_सिस्टर
मूळची सोलापुरातल्या सात रस्त्याची, आता इथे एका हॉस्पिटलमध्ये नर्स. भाऊ, राग मानू नका, पण 'इश बिन हाइस' कुणासमोर बोलू नका हो!! त्याचा अर्थ भलताच होतो, घरच्यांसमोर सांगण्यासारखा नाही. उकडत असेल तर 'मिर इस्ट हाइस'. आणि गंमत म्हणजे हे मराठीसारखंच आहे. 'मिर' म्हणजे 'मला'. आपण 'मी उकडतो' म्हणतो का? तुम्ही ते वाक्य इंग्रजीवरून पाडलंय. थंडीचंही तसंच, 'मिर इस्ट काल्ट', मला थंडी वाजते.

आता मुद्दा. मीही नाइट ड्यूटीच्या आधी आरशासमोर बोलायचे, त्यामुळे हसत नाही. पण एकटं असताना आपण फक्त आपल्याला येणारी वाक्यं बोलतो. अडलं की वळण घेऊन सोप्या गल्लीत शिरतो, आणि कुणी पकडत नाही. पेशंट पकडतो. इथल्या आज्जी-आजोबांची बोली श्वेबिश, 'निश्ट' म्हणजे 'नाही', त्याचं 'नेट' करतात. बी-२ पास होऊन आले, पहिल्या आठवड्यात एका आज्जींना काय हवंय ते तीनदा विचारलं. उशी हवी होती. उशीचा शब्द मला येत होता!

गच्चीवरचा_जर्मन
...तीन महिने. रोज. मोठ्याने. शेजारच्या गच्चीवर मंडळी झोपलेली असायची. सुदैवाने कुणालाच जर्मन येत नाही.

पण सिस्टरताई, एक सांगा. चूक पकडली ती तुम्हाला येतं म्हणून, पार्टनर म्हणून नाही. तो तीन दिवसांचा गडी माझ्यासोबत हेच वाक्य म्हणायचा. दोघं मिळून उकडत होतो.

चाटी_गल्ली
😂😂 धागा इथेच बंद करा. पुरावा मिळाला.

शिकवणी_मॅडम
मी अकरा वर्षं जर्मन शिकवते, आणि इथे मूळ लेखकाची बाजू घेणार आहे, थोडीशीच. दोन ए-२ वाले एकमेकांना सुधारत नाहीत, एकमेकांच्या चुका पाठ करतात. पुन्हा दोघांचं मराठी सारखं, त्यामुळे चुकलेलं जर्मनही एकमेकांना नीट कळतं. तो पार्टनर म्हणजे बोलणारी भिंतच.

बी-१ ची तोंडी परीक्षा मात्र डोळ्यांसमोर ठेवा. साधारण दोन-दोन उमेदवारांना बसवतात, पंधरा मिनिटं. पहिला भाग दोघांनी मिळून काहीतरी ठरवायचं, समजा मित्राला हॉस्पिटलमध्ये भेटायला जायचं आहे. दुसरा भाग एका विषयावर आपण बोलायचं. तिसऱ्यात समोरच्याच्या बोलण्यावर मत द्यायचं, प्रश्न विचारायचे, आपल्याला आलेल्या प्रश्नांना उत्तरं द्यायची. गच्चीवर फक्त दुसरा भाग तयार होतो, आणि तो छान होतो हे मी पाहिलंय. पण समोरचा म्हणाला 'शनिवारी मला जमणार नाही', तर एकट्याने सराव केलेला विद्यार्थी एक क्षण थिजतो, कारण त्याच्या पाठ केलेल्या संवादात शनिवार ठरलेला असतो. पास व्हायला शंभरात साठ लागतात.

माझा उपाय फार रोमांचक नाही. रोजचं एकट्याने करा, पण रेकॉर्ड करा, आणि पंधरा दिवसांतून एकदा ज्याला खरंच येतं अशा एका माणसाला त्यातली पाच मिनिटं ऐकवा. चूक तीन महिने मुरली की लोणच्यासारखी होते, मीठ काढता येत नाही.

आणि 'वाइल' म्हणजे 'कारण' नंतर क्रियापद शेवटी टाका. मराठीत ते शेवटीच असतं, तरी मुलं इंग्रजीसारखं मधे घुसवतात. आपल्या पोरांना मराठीतून जर्मन शिकवलं पाहिजे, हे माझं जुनं रडगाणं. असो.

पुस्तकी_किडा
हाइनरिश श्लीमान आठवला, ट्रॉयचं उत्खनन करणारा जर्मन. १८४४ च्या सुमारास ॲमस्टरडॅममध्ये हा गडी रशियन शिकत होता आणि शिकवायला कोणी मिळेना. मोठ्याने पाठ म्हणायचा. आत्मचरित्रात त्याने लिहिलंय की कुणाला तरी ऐकवलं तर प्रगती लवकर होईल असं वाटलं, म्हणून आठवड्याला चार फ्रँक देऊन एक माणूस ठेवला. तो रोज संध्याकाळी दोन तास समोर बसायचा. त्याला रशियनचं एक अक्षर कळत नव्हतं! आरडाओरड्याच्या तक्रारींमुळे श्लीमानला दोनदा घर बदलावं लागलं. सहा आठवड्यांत त्याने पहिलं रशियन पत्र लिहिलं.

चाटी_गल्ली
बघा! म्हणजे त्यालाही समोर माणूस लागलाच.

गच्चीवरचा_जर्मन
बघा! त्या माणसाला भाषा येत नव्हती. म्हणजे माझी आज्जी चालेल.

स्टुटगार्टची_सिस्टर
आज्जी चालेल, पण चूक कोण सांगणार? तुमच्या श्लीमानचं रशियन बोलणं किती शुद्ध होतं ते त्या ऐकणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं.

फोनवाला_मास्तर
अरे, आता फोनशीच बोलता येतं की, एआय उत्तर देतो. सोळा जणांच्या चर्चेत एकालाही सुचलं नाही?

शिकवणी_मॅडम
सुचलं, मुद्दाम टाळलं. सरावाला बरं आहे. पण ते फार सभ्य असतं. मुलगा थांबला की तेही थांबतं, अर्धवट बोललेलंही समजून घेतं. परीक्षेतला अनोळखी उमेदवार घाबरलेला असतो आणि मधेच बोलतो. (आणि सोळा नाही हो, आठही नसतील.)

गच्चीवरचा_जर्मन
काल आज्जीला खुर्ची टाकून दिली गच्चीवर. दर वाक्याला 'म्हंजे काय?' विचारते. मला मराठीत सांगून परत जर्मनवर यावं लागतं, आणि परत येताना गाडी घसरते. चाळीस मिनिटांत जेमतेम एक विषय झाला. घसरलो कुठे ते मात्र पहिल्यांदाच कळलं. 'मिर इस्ट हाइस' तिने एकदा ऐकून म्हटलं. वर म्हणाली, मग पंखा लाव.

तरी माझं मत तेच. आज्जीला जर्मन येत नाही, म्हणजे मी एकटाच.

चाटी_गल्ली
आज्जी प्रश्न विचारते, म्हणजे पार्टनर. जिंकलो.

स्टुटगार्टची_सिस्टर
तुम्ही दोघं भांडत बसा. भाऊ, पाच मिनिटांचं रेकॉर्डिंग पाठवा. रविवारी माझ्या संध्याकाळी पाचला, म्हणजे तुमच्या हाल्ब नॉइनला फोन करते. जर्मनमध्येच बोलणार, आणि मी मधेच तोडणार.

टॉवेल_एक्स्पोर्ट
साडेआठ, मालक. साडेनऊ नव्हे.