आधी सलामी, मग फॉर्म : कॉलेज फुटबॉलमधली सैन्यभरती

वैनगंगा

'अमेरिकेतला शनिवार' या धाग्यावर काल एका सदस्याने लिहिलं की कॉलेज फुटबॉलच्या मॅचमध्ये सैनिकांना दिलेली मानवंदना पाहून अंगावर काटा आला, आणि ज्याला तो येत नाही त्याने या देशात राहू नये. काट्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पुढच्या अर्ध्या वाक्याला तिथे दोन ओळींत उत्तर देऊन समाधान होईना, म्हणून हा वेगळा धागा.

मुलगा मिडवेस्टमधल्या एका स्टेट युनिव्हर्सिटीत शिकतो. नोव्हेंबरमध्ये वेटरन्स डेच्या (माजी सैनिक दिनाच्या) आसपास त्यांची एक मॅच सैनिकांच्या नावाने असते. मैदानभर झेंडा पसरतात, राष्ट्रगीत संपता संपता डोक्यावरून लढाऊ विमानं जातात, टचडाउन झालं की आरओटीसीची (कॉलेजात सैन्याधिकारी घडवणाऱ्या अभ्यासक्रमाची) मुलं गुणांइतके पुशअप्स मारतात. मध्येच स्क्रीनवर एखादा सैनिक आणि त्याचं कुटुंब दिसतं आणि अख्खं स्टेडियम उभं राहतं. मीही उभी राहते, मनापासून.

त्याच मॅचला गेटबाहेर भरतीचा ट्रेलर असतो. पुलअप्सचा बार, नेमबाजीचा व्हिडिओ गेम, फुकट टीशर्ट. टीशर्ट हवा तर नाव, फोन, जन्मतारीख भरा. मुलाने भरलं. सेमिस्टर संपेपर्यंत फोन येत राहिले, नको म्हटल्यावरही. फोन बंद करता येतो, त्याचं काही नाही. मला राग येतो तो या जुळणीचा. आत गळा दाटून येतो आणि बाहेर सहीचा कागद तयार असतो, हे आपोआप घडलेलं नाही.

पॅट टिलमन आठवा. ॲरिझोना स्टेटचा खेळाडू, पुढे कार्डिनल्स या व्यावसायिक संघाकडे. 36 लाख डॉलरचा करार सोडून 2002 मध्ये सैन्यात गेला. 22 एप्रिल 2004 ला अफगाणिस्तानात आपल्याच लोकांच्या गोळ्यांनी मारला गेला. घरच्यांना सांगितलं की शत्रूशी लढताना गेला. सिल्व्हर स्टार हे शौर्यपदक दिलं, श्रद्धांजलीची सभा टीव्हीवर दाखवली, आणि खरं कारण त्यानंतर काही आठवड्यांनी बाहेर आलं. त्याच्या आईवडिलांनी सत्यासाठी वर्षानुवर्षं झगडा दिला. त्यांना काय वाटलं असेल ते मुलगा असलेल्या कोणालाही कळेल.

माझ्या मागण्या दोनच. मानवंदनेच्या दिवशी त्या आवारात भरतीचा ट्रेलर नको. आणि सैन्य विद्यापीठाला जाहिरातीचे किती पैसे देतं, ते विद्यापीठाने जाहीर करावं.

टेलगेटवाला

ते वाक्य माझं. आयडी घेऊन लिहिलं असतं तरी चाललं असतं.

ताई, तुमचा मुलगा 18 वर्षांचा आहे. मत देतो, गाडी चालवतो, कर्ज काढून शिकतो. टीशर्टसाठी फोन नंबर दिला हा सैन्याचा दोष कसा? त्याच आवारात क्रेडिट कार्डवाले असतात, विमावाले असतात, मोबाइल कंपन्या असतात. त्यांच्यावर धागा नाही. सक्तीची भरती 1973 मध्ये संपली. तेव्हापासून जो जातो तो स्वतःहून जातो. मग त्याला विचारायला कोणी जायचंच नाही का? 2022 मध्ये आर्मीचं लक्ष्य 60,000 होतं आणि 15,000 माणसं कमी पडली. या देशाचं संरक्षण कोणी करायचं?

माझ्या शेजाऱ्यांचा मुलगा जीआय बिलावर (सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च उचलणाऱ्या सरकारी योजनेवर) इंजिनियर झाला, एक पैसा कर्ज नाही. तो इराकमध्ये असताना त्याची आई रात्री दारावरचा दिवा लावून बसायची, मी पाहिलंय. त्या मुलाला मैदानात बोलावून 70,000 लोक उभे राहिले तर त्यात खोट शोधू नका.

अभ्यासू_कोकणी

दोघांनीही अर्धंच सांगितलंय.

2015 मध्ये मॅकेन आणि फ्लेक या दोन सिनेटरांनी अहवाल काढला. 2012 पासून संरक्षण खात्याने खेळांच्या संघांशी केलेले जाहिरातीचे करार तपासले, एकूण 5 कोटी 30 लाख डॉलरचे. त्यातल्या बऱ्याच करारांत मैदानावरचा सत्कार, झेंडा, राष्ट्रगीत हे सगळं पैसे देऊन विकत घेतलेलं निघालं. लोक मनापासून टाळ्या वाजवत होते आणि त्या क्षणाचं बिल करदात्याच्या नावावर फाटत होतं. मॅकेन स्वतः व्हिएतनाममध्ये पाच वर्षांहून जास्त कैदेत होते, त्यामुळे त्यांना देशद्रोही म्हणायची सोय नाही. एनएफएलने, म्हणजे व्यावसायिक फुटबॉल लीगने, नंतर 7 लाखांहून जास्त डॉलर परत केले, आणि सत्कारासाठी पैसे मोजणं खात्याने बंद केलं.

पण ही मुख्यतः व्यावसायिक लीगची गोष्ट. आणि बंदी सत्काराच्या बिलावर आली, जाहिरातीवर नाही. ट्रेलर, स्क्रीनवरची जाहिरात, रेडिओवरचं प्रायोजकत्व आजही कायदेशीर आहे. विमानांचं म्हणाल तर वैमानिकाला सरावाचे तास भरायचेच असतात, ते उड्डाण त्यातच धरतात.

ट्रेलरबद्दल मात्र एक लक्षात घ्या. सॉलोमन दुरुस्ती या कायद्यामुळे इतर कंपन्यांना कॅम्पसवर जितकी मुभा आहे तितकी सैन्याला द्यावीच लागते, नाहीतर विद्यापीठाचा केंद्रीय निधी जातो. 2006 मध्ये सुप्रीम कोर्टाने ती 8-0 ने उचलून धरली. म्हणजे करिअर फेअरमधलं टेबल त्यांना मिळतंच. तिथे मुलगा शांत डोक्याने चार प्रश्न विचारू शकतो. मग स्टेडियम कशाला हवं, याचं उत्तर टेलगेटवाल्यांनी द्यावं.

कृष्णाकाठ

मी साताऱ्याकडचा. वडील मराठा लाइट इन्फंट्रीत हवालदार होते. तुमचं फुटबॉल मला कळत नाही, पण वैनगंगाताईंचं दुखणं वाचून राहवलं नाही.

भरतीवाल्याचा फोन आला म्हणून तुम्हाला त्रास झाला. आमच्याकडची पोरं पहाटे चारला हायवेच्या कडेने पळतात, कारण तो फोन यावा. आमच्या जिल्ह्यात अपशिंगे नावाचं गाव आहे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे 46 जण गेले. आजही तिथे घरटी फौजी आहे. त्यांना कोणी टीशर्ट दिला नव्हता. सैन्य म्हणजे कोणाच्या तरी पोराला फसवून न्यायची जागा, हा सूर मला लागला. माझ्या वडिलांना कोणी फसवलं नव्हतं.

वैनगंगा

दादा, तुमच्या वडिलांबद्दल मी एक अक्षर लिहिलेलं नाही. जो विचार करून जातो त्याच्यापुढे मी नतमस्तक आहे. भावनेच्या भरात सही घेऊ नका, एवढंच म्हणते.

न्यू_जर्सीकर

कृष्णाकाठ यांनी नेमकं बोट ठेवलं. मला टेलगेटवाल्यांना सरळ विचारायचंय. आपल्या मराठी मंडळातल्या किती घरांतून मुलं अमेरिकन सैन्यात गेली? मी एवढी वर्षं इथे आहे. डॉक्टर, सॉफ्टवेअर, फार्मा, वकील, सगळी मुलं पाहिली. गणवेशातलं मूल एकाच घरात पाहिलं, आणि त्याच्या आईला मंडळातल्या बायकांनी 'कॉलेजला नंबर लागला नाही का' असं विचारलं. तीच मंडळी शनिवारी स्टेडियममध्ये छातीवर हात ठेवून उभी असतात. ज्यांच्या घरातून कोणी जाणार नाही त्यांनी दुसऱ्याच्या मुलाच्या भरतीचं समर्थन जरा बेताने करावं.

टेलगेटवाला

माझ्या मुलांना यात ओढायचं कारण नाही. मोठ्या मुलीने आरओटीसीचा अर्ज भरला होता, दम्यामुळे मेडिकलमध्ये बसली नाही. दोन दिवस खोलीबाहेर आली नव्हती. हे इथे लिहायचं नव्हतं, तुम्ही लिहायला लावलंत. मंडळातल्या बायका काय बोलतात याचा जाब मला विचारू नका.

न्यू_जर्सीकर

मुलीबद्दल माहीत नव्हतं. तुमच्यापुरते शब्द मागे. मंडळाबद्दलचे नाही.

दोन_पासपोर्ट

'आपली मुलं जात नाहीत' हे पूर्ण खरं नाही. मॅव्हनी ही अमेरिकन सैन्याची भरती योजना विसरलात. 2009 पासून ग्रीन कार्ड नसलेल्यांनाही, स्टुडंट व्हिसावाल्यांनाही, भाषा किंवा वैद्यकीय कौशल्याच्या जोरावर घेत होते. माझा मास्टर्सचा रूममेट, पक्का सोलापूरकर, हिंदीची परीक्षा देऊन गेला आणि बेसिक ट्रेनिंग संपताना नागरिक झाला. आम्ही बाकीचे अजून ग्रीन कार्डाच्या रांगेत आहोत. त्याला मी कधी हसलो नाही, उलट हेवा वाटला.

अभ्यासू_कोकणी

आणि 2016 मध्ये नवी भरती थांबली. करार झालेले कित्येक जण सुरक्षा तपासणीत अडकून पडले, काहींचे व्हिसा त्या वाट पाहण्यात संपले, 2018 मध्ये काहींना काढूनही टाकलं. करारावर सही करताना यातलं कोणी सांगितलं होतं का? वैनगंगा यांचा प्रश्न तोच आहे.

निवृत्त_मास्तर

अमेरिकेचं राहू द्या. आमच्या पोरांना कोणी काय सांगितलं होतं? कोरोनात दोन वर्षं भरती बंद. ज्यांचं मैदानी आणि मेडिकल झालं होतं ते लेखी परीक्षेची वाट पाहत बसले. जून 2022 मध्ये अग्निपथ आली आणि जुनी प्रक्रियाच रद्द, नव्याने अर्ज करा. माझे विद्यार्थी होते त्यात. एकाचं वय निघून गेलं, आता तो गोदामात रात्रपाळी करतो. समोर आला की मला त्याच्याकडे बघवत नाही. चार वर्षं नोकरी, शंभरातले पंचवीस कायम, बाकीच्यांच्या हातात साधारण 11 लाख 71 हजार. पेन्शन नाही.

सिंहगड_रोड

मास्तर, प्रत्येक धाग्यावर अग्निवीर आणायलाच हवा का? सैन्य तरुण हवं हे कारगिलपासून सांगितलं जातंय. बावीस-तेवीसच्या वयात शिस्त, अनुभव आणि एवढी रक्कम कोणती खाजगी नोकरी देते? निमलष्करी दलांत राखीव जागाही ठेवल्या आहेत. सरकारवर टीका करायला सैन्याचा खांदा वापरू नका.

निवृत्त_मास्तर

सरकारवर नाही, मी त्या पोराबद्दल बोलतोय. त्याला तुमची शिस्त समजावून सांगायला एकदा गोदामावर या.

कृष्णाकाठ

सिंहगड, तुमच्या घरात कोणी आहे का फौजेत? आमचं घर पेन्शनवर उभं राहिलं. वडील बावन्नाव्या वर्षी गेले, त्यानंतर आईने त्या पैशावर आम्हा तिघांना शिकवलं. चार वर्षांच्या नोकरीत असताना काही झालं तर विम्याचे पैसे मिळतील, पण बाहेर आल्यावर बावन्नाव्या वर्षी काही झालं तर त्या आईने काय करायचं? मी अग्निपथच्या बाजूने होतो. माझा पुतण्या अग्निवीर म्हणून भरती झाल्यापासून हिशेब दुसरा दिसायला लागलाय.

सिंहगड_रोड

घरात कोणी नाही. पेन्शनचा मुद्दा मान्य, बाकी नाही. आणि रांचीत 2019 ला आपल्या टीमने लष्करी टोप्या घातल्या, मानधन राष्ट्रीय संरक्षण निधीला दिलं, तेव्हा कोणी फॉर्म भरून घेतला नव्हता. मानवंदना म्हटलं की लगेच भरतीचा कट दिसायला नको.

वैनगंगा

रांचीचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. खेळाडूंनी स्वतःचे पैसे दिले. मला तेच हवंय.

अग्निवीरसाठी कृपया वेगळा धागा काढा, मी तिथे येईन, कारण मास्तरांनी लिहिलेलं मनाला लागलंय. इथे एवढंच सांगते की मानवंदनेची चांगली रीत अमेरिकेतल्या कॉलेजांकडेच आहे. इलिनॉयचं मेमोरियल स्टेडियम बघा. पहिल्या महायुद्धात प्राण गमावलेल्या त्यांच्या विद्यार्थ्यांची नावं खांबांवर कोरली आहेत, एका खांबावर एक नाव. आयोवाच्या स्टेडियमला नाइल किनिकचं नाव आहे. 1939 चा हाइझमन (कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार) विजेता, 1943 मध्ये नौदलाच्या सरावात विमान समुद्रात पडून गेला. लोक त्या नावाखाली बसून मॅच बघतात, कोणी त्यांच्याकडून काही मागत नाही. याच्या उलट फोर्ट वर्थचा आर्म्ड फोर्सेस बोल, म्हणजे सीझनअखेरचा खास सामना. त्याच्या नावाआधी लॉकहीड मार्टिनचं नाव आहे. एफ-35 विमानं त्याच शहरात बनतात, आणि ती बनवणारी कंपनी सैनिकांच्या सन्मानाची यजमान होऊन बसते. ते मला बघवत नाही.

टेलगेटवाला

बोलचं नाव मलाही खटकतं. पण कंपनीच्या नावाशिवाय बोल उरलाय कुठे? आता खेळाडूंना थेट पैसे द्यायचे आहेत, 2025-26 साठी एका विद्यापीठाची मर्यादा 2 कोटी 5 लाख डॉलर. हे पैसे आणायचे कुठून? सैन्याच्या जाहिराती बंद केल्यात तर त्या जागी सट्टेबाजीचे ॲप येतील. तुमच्या मुलाने फोन नंबर त्यांना दिलेला चालेल का?

वैनगंगा

नाही चालणार. पण सट्ट्याचं ॲप माझ्या मुलाला आधी शहिदाच्या आईसमोर उभं करत नाही.

टेलगेटवाला

हे वाक्य तुम्ही लिहायला नको होतं. त्या आईला तिथे आणतात ते तिच्या संमतीने, आणि तिच्यासाठी तो दिवस काय असतो हे तुम्ही-मी ठरवायचं नाही.

वैनगंगा

तिच्यासाठी काय असतो ते मी ठरवत नाही. तिच्या दुःखाशेजारी दुकान कोण लावतं, ते विचारते. पुढच्या आठवड्यात ॲथलेटिक्स विभागाला पत्र देतेय, दोन्ही मागण्यांसह. कोणाला सही करायची असेल तर निरोप पाठवा.

अभ्यासू_कोकणी

नुसतं ॲथलेटिक्सला लिहून भागणार नाही. बऱ्याच ठिकाणी जाहिरातीचे हक्क लर्नफील्डसारख्या कंपनीला विकलेले असतात, त्यामुळे सैन्याचा करार विद्यापीठाच्या दप्तरात सापडेलच असं नाही. स्टेट युनिव्हर्सिटी आहे, तर राज्याच्या सार्वजनिक कागदपत्रांच्या कायद्याखाली दोन्ही करार मागा. विद्यापीठ आणि कंपनीचा, आणि कंपनीने सैन्याशी केलेला, तो विद्यापीठाकडे असेल तर. तारखा घालून मागा, नाहीतर 'असा दस्तऐवज नाही' म्हणून परत पाठवतील.

टेलगेटवाला

कंपनीचं नाव लिअरफील्ड, लर्नफील्ड नाही.

पैशांचे आकडे बाहेर यायला माझी हरकत नाही, मीही कर भरतो. ती मागणी वेगळ्या कागदावर लिहा, मी सही करतो. ट्रेलर हटवायच्या पत्रावर माझं नाव दिसता कामा नये. ते पत्र गेलं तर त्याच दिवशी माझं विरोधातलं पत्र जाईल, मुलीच्या सहीसकट.

वैनगंगा

दोन कागद करते. आकड्यांचा तुम्हाला आधी पाठवते, तारखा तपासून द्या.